राजकारण काढेल त्याने भांडी घासायची

नियम नरेशनेच केला होता, आणि सगळ्यात जास्त वेळा तो मोडायचाही नरेशच. दर रविवारी सकाळी त्याच्या घरी मिसळ, आणि मिसळ संपायच्या आत जो राजकारण काढेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. हिवाळ्यात पंजाबातल्या या खरड गावच्या नळाला जे पाणी येतं त्याने बोटं वाकडी होतात, म्हणून शिक्षा झालेल्यासाठी नरेश स्वतः गीझर लावून द्यायचा. एवढी दयामाया त्या नियमात होती.

नरेश नाशिकचा, चाळिशी उलटलेला सडाफटिंग. मोहालीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी आणि या वसाहतीत स्वतःचा फ्लॅट. समोरच्या इमारतीत भाड्याने राहणारा शिशिर साताऱ्याचा, त्याच कंपनीतला, आठ वर्षांपासूनचा मित्र. गावी फोनवर दोघंही आपण चंदीगडला राहतो असंच सांगायचे, कारण खरड म्हटलं की पुढे दहा मिनिटं समजावत बसावं लागायचं. एवढी एक गोष्ट सोडली तर दोघांचं कशावर एकमत नव्हतं. पक्ष वेगळे, वर्तमानपत्रं वेगळी, मोबाइलवर येणारे व्हिडिओही वेगळे.

जानेवारीतल्या त्या रविवारी शिशिर, त्याची बायको गिरिजा आणि दहावीतली मुलगी अक्षरा अशी तिघं आली होती. नरेशने मिसळीवर तर्री ओतता ओतता सहज म्हटलं, "परवा गुरमेलसिंगजी कागद घेऊन आले होते. केली सही. बाहेरच्यांना हटवायचंय, त्या मागच्या झोपड्यांतल्यांना. तीन घरफोड्या झाल्यात दिवाळीपासून."

गुरमेलसिंग म्हणजे वसाहतीच्या कमिटीचे अध्यक्ष. शिशिरने चमचा खाली ठेवला.

"बाहेरच्यांना? आणि तू कुठला रे? मूळचा खरडचा?"

"माझं घर आहे इथे."

"घर घेतलंस म्हणून घरचा झालास होय? नाशिकला गेलास की परप्रांतीयांना हाकला म्हणतोस. इथे परप्रांतीय तूच आहेस, नरेश."

"मी कुणाची खिडकी फोडून आत नाही शिरलो. तुमच्या पक्षाला मतं हवीत म्हणून दारं सताड उघडी ठेवायची, आणि चोरी झाली की सगळे मूग गिळून बसणार."

"आणि तुमच्या पक्षाला मतं हवीत म्हणून दर निवडणुकीला एक नवा बाहेरचा शोधायचा. यंदा कोण? रामचंद्र? त्यालाही हाकल. मग शर्टाला इस्त्री कोण करतंय बघू."

रामचंद्र हा सी ब्लॉकच्या जिन्याखाली इस्त्री करायचा. उत्तर प्रदेशातल्या गोंड्याकडचा, पन्नाशीचा माणूस. त्याच ब्लॉकच्या गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. वसाहतीला फाटकही नव्हतं तेव्हापासून तो तिथे होता. शिशिर त्याच्याबद्दल पुष्कळ बोलला. माणसं पोटासाठीच गाव सोडतात, पंजाबची अर्धी पोरं परदेशात जाऊन तेच करतात, जो स्वतः स्थलांतरित आहे त्याने तरी दुसऱ्याच्या तोंडावर दार लावू नये, असं सगळं. बोलला खरंच चांगलं. या विषयावर बोलताना त्याला स्वतःचा आवाज फार आवडायचा.

"झालं? आता दोघांनीही भांडी घासा," गिरिजा म्हणाली.

अक्षरा मात्र नरेशच्या फोनवरचा त्या कागदाचा फोटो मोठा करून बघत होती. "काका, इसमें झुग्गी तो कहीं लिखा ही नहीं है," ती म्हणाली. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीतच यायचं.

कागद पंजाबीत होता. नरेशला गुरुमुखी वाचता येत नव्हती आणि शिशिरलाही नाही. आठ वर्षं दोघं पाट्यांवरच्या खालच्या इंग्रजी ओळी वाचून निभावत आले होते. एक दिवस परत जायचंच आहे, मग कशाला शिकायचं, असा साधा हिशोब होता. अक्षराला शाळेत पंजाबी सक्तीची होती. तिने सावकाश वाचून दाखवलं. ज्या भाडेकरूंचं मूळ गाव पंजाब किंवा चंदीगडच्या बाहेर आहे, त्यांनी एकतीस जानेवारीपर्यंत जागा सोडायची. पुढे अशा कुणाला भाड्याने जागा द्यायची नाही. बुधवारच्या बैठकीत ठराव पक्का होणार.

"मतलब हम," अक्षरा म्हणाली. "पर मेरे बोर्ड तो फरवरी में हैं."

नरेशचा चेहरा उतरला. "मला ते झोपड्यांचं म्हणाले रे. खरंच."

"कसं वाटतंय आता?" शिशिर म्हणाला. पोरीची परीक्षा तोंडावर असतानाही मित्र चुकला याचा त्याला आनंद झाला, हे त्याचं त्यालाही त्या क्षणी कळलं नाही. ती भांडी नरेशने मुकाट्याने घासली.

बुधवारी संध्याकाळी दाट धुक्यातून दोघं कमिटीच्या हॉलमध्ये गेले. निघताना गिरिजाने शिशिरला जिन्यातच गाठलं होतं. "तत्त्वं मलाही कळतात. पण परीक्षा होईपर्यंत मी घर बदलणार नाही. तिच्या टेबलावरून एक वही हलली तरी ती रडायला लागलीय."

गुरमेलसिंगांनी सगळ्यांसाठी तिळगुळाची गजक आणली होती. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा गृहस्थ तोंडाचा गोड आणि मनानेही वाईट नव्हता. त्यांचा मुलगा कॅनडात ब्रॅम्प्टनला होता, त्याचं परमिट संपलं होतं आणि नवं मिळत नव्हतं. ते बोलायला उभे राहिले तेच मुळी त्याच्यापासून. "उधर गोरे कहते हैं हमारे बच्चे बाहर के हैं। कोई कहीं का नहीं रहा जी," म्हणताना त्यांनी खरोखर डोळे पुसले. हातातला कागद मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.

नरेश उठला. त्याने कागद मागून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारली.

"मैंने बिना पढ़े साइन किया था," तो म्हणाला. "अब पढ़ लिया है।"

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं, हे पण बाहेरचेच ना शेवटी. नरेशचे कान लाल झाले, पण तो बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला.

गुरमेलसिंग शिशिरकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, "शिशिर जी, आप तो फैमिली वाले हो, पढ़े-लिखे। आपके लिए थोड़ी है ये।" त्यांनी सगळ्यांसमोर कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली. कंपनीचं पत्र असलेल्या नोकरदार कुटुंबांना सूट. "बस, आप भी साइन कर दो। आप जैसे करेंगे तो कोई नहीं कहेगा कि हम भेदभाव करते हैं।"

शिशिरला रविवारचं आपलं भाषण शब्द न् शब्द आठवत होतं. दाराशी चार-पाच माणसं उभी होती, त्यांत रामचंद्र होता, लोकरी टोपी हातात घेऊन. तो शिशिरकडेच बघत होता. त्या बघण्यात आशा होती, आणि ती आशा शिशिरला सहन झाली नाही. त्याच्या डोळ्यांसमोर अक्षराचं टेबल आलं, वह्यांचे गठ्ठे, भिंतीवर चिकटवलेलं परीक्षेचं वेळापत्रक. नुसतं नाही म्हणायचं होतं. नाही म्हणून फार तर काय झालं असतं, हे त्याने पुढे शंभर वेळा मनात मांडून पाहिलं. त्या वेळी त्याने सही केली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा रामचंद्रने टोपी डोक्यावर घातली होती.

परत येताना नरेश भांडला असता तर बरं झालं असतं.

"तुला काय जातं?" शिशिरच म्हणाला. "तुझं स्वतःचं घर आहे. तुला परवडतं."

"हो," नरेश म्हणाला. "माझं घर आहे."

तीस तारखेला रामचंद्र कपडे घेऊन दारात आला. दुसऱ्या दिवशी तो चंदीगडमधल्या मनीमाजऱ्याला मेहुण्याच्या खोलीवर जाणार होता. "बिटिया की ड्रेस सबसे ऊपर रखी है साब, परीक्षा में काम आएगी," तो म्हणाला. मग जिना उतरता उतरता थांबला. "आपका घर तो रह गया न? अच्छा हुआ. बच्ची को ऐसे में कहाँ लेकर जाते." त्याच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून शिशिरने तो शोधला, आणि सापडला नाही. आभार मानावेत की माफी मागावी हे ठरेपर्यंत रामचंद्र खाली पोहोचला होता.

त्यानंतरच्या रविवारी तिघं नेहमीसारखी नरेशकडे गेली. मिसळ झाली. अक्षराच्या पेपरांबद्दल बोलणं झालं, धुक्याबद्दल झालं, पाव इथे कसे गोड मिळतात याबद्दल झालं. नरेशच्या शर्टाला इस्त्री नव्हती. शिशिरच्याही नव्हती. राजकारण कुणीच काढलं नाही.

शिशिर उठला आणि ताटल्या गोळा करायला लागला.

"राहू दे," नरेश म्हणाला. "आज कुणी काही बोललेलं नाही."

"म्हणूनच," शिशिर म्हणाला, आणि त्याने बाह्या वर करून नळ सोडला.

गीझरचं बटण नरेशच्या हाताशीच होतं. त्याने ते दाबलं नाही, आणि शिशिरनेही सांगितलं नाही.