गंगटोकचं लांबणारं टेबल

हे मोमोंना नको म्हणाले आणि टेबल वीतभर लांबलं. हे म्हणजे माझे यजमान, पद्माकर. खुर्चीसकट ते अलगद मागे गेले आणि आमच्यामधे नवं लाकूड आलं. नवं म्हणायचं एवढंच, त्यावर हळदीचा जुना डाग होता.

गंगटोकात, बाजाराखालच्या पायऱ्यांवर पेमा नावाच्या बाईंची खानावळ आहे. तिथे आम्ही खिडकीपाशी जेवत होतो. एप्रिल होता. समोरचा डोंगर गुरांसाच्या, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या फुलांनी लालेलाल झाला होता, आणि खाली बिनपानांच्या फांद्यांवर चाफ्याच्या कुळातली मोठाली पांढरी फुलं बसली होती. पुढ्यात तोंगबा होता, म्हणजे इथली बिअर. आंबवलेली नाचणी बांबूच्या उंच पेल्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि बांबूच्याच नळीनं सावकाश ओढतात. पाणी संपलं की पुन्हा ओतायचं. मी जन्मात बिअर प्यायले नव्हते. पहिला घोट घेतला आणि इस्लामपुरात आयुष्यभर नाचणीची नुसती आंबील केली याचं मला वाईट वाटलं.

"अंकल, और?" पेमाबाईंनी फर्नच्या कोवळ्या कोंबांची भाजी पुढे केली.

"नको नको, पुष्कळ झालं," हे म्हणाले, आणि टेबल खिडकीतून बाहेर गेलं.

शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी खुर्च्या जराशा सरकवून वाट दिली आणि ती जेवत राहिली. ह्यांना ती भाजी मनापासून आवडली होती. ताटली पुसून खाल्ली होती. पण पहिल्या विचारण्याला हो म्हणणं ह्यांच्या घरात कोणाला येत नाही. आधी नको म्हणायचं, मग समोरच्यानं आग्रह करायचा, मग पुन्हा नको, आणि मग हळूच ताट पुढे करायचं. लग्नापासून मी हा आग्रह करत आले आहे. ही सहलसुद्धा आग्रहानंच झाली. पेमाबाईंना हे कुठून ठाऊक असणार? त्यांनी नको ऐकलं आणि भाजी परत नेली.

"अहो, परत या!" मी हाक मारली.

"अगं, इथून फार छान दिसतंय," हे म्हणाले. ते कठड्यापलीकडे, दरीवर होते. खुर्चीचे पाय कशावर टेकले होते ते दिसत नव्हतं.

"स्वेटर देऊ का?"

"नको, तुलाच थंडी वाजेल."

टेबल पार समोरच्या डोंगराला जाऊन लागलं. हे आता अंगठ्याएवढे दिसत होते. त्यांचं बोलणं मात्र शेजारी बसल्यासारखं ऐकू येत होतं. "फुलं थेट टेबलावर पडताहेत गं," ते म्हणाले. नोकरीत असताना हा माणूस खिडकीबाहेर कधी बघत नसे. आज तो फुलांचं सांगत होता आणि ऐकायला मी होते. मला इतकं भरून आलं की मी नळी तोंडात धरून नुसतीच बसले. देवा, एवढं दिलंस, आता माणूस तेवढा परत दे.

मी विचारणंच बंद केलं. विचारलं नाही तर नको यायचं नाही. टेबल थांबलं. पण पलीकडून नळीचा कोरडा आवाज यायला लागला. त्यांच्या पेल्यातलं पाणी संपलं होतं.

पेमाबाई केटली घेऊन आल्या.

"विचारू नका, नुसतं ओता," मी माझ्या हिंदीत सांगितलं.

"बिना पूछे?" त्या म्हणाल्या. "बिना पूछे हम नहीं डालते, दीदी."

"एकदा नको म्हटलं तर पुन्हा विचारा. आमच्याकडे तसंच असतं."

"एक बार मना किया तो मना किया."

त्या रागावल्या नव्हत्या. केटली त्यांनी माझ्यापुढे ठेवली. टेबल आता आणखी एका नकोएवढं लांबलं तर डोंगरापलीकडे जाणार, हे मला दिसत होतं. मी उभी राहिले.

"अहो," मी म्हटलं, "पाणी घालू का?"

ह्यांना मी ओळखते. तोंडात नको तयार होतं आणि ते त्याच्याशी झगडत होते. खानावळीतली माणसं जेवायची थांबली.

"हो," हे म्हणाले. "घाल." आणि जरा थांबून, "तूच घेऊन ये."

आमच्या संसारात ह्यांनी तोंडानं मागितलेली ही पहिली गोष्ट. मला रडू आलं आणि हसूही आलं. टेबल मात्र होतं तेवढंच राहिलं, ते काही आखडलं नाही. मी पदर खोचला, चपला काढल्या, खुर्चीवर पाय दिला आणि टेबलावर चढले. पेमाबाईंनी केटली वर दिली. मी ताटल्यांमधून वाट काढत खिडकीशी वाकले आणि बाहेर आले. खाली दरी होती, पायाखाली फुलांनी निसरडं झालेलं लाकूड होतं, आणि केटलीच्या तोटीतून वाफ येत होती. पलीकडे हे उठून उभे राहिले होते आणि दोन्ही हातांनी पेला माझ्याकडे धरत होते.