चौथ्या कडव्यानंतर

तिने पिठाचा तुकडा तोडला आणि दोन्ही हातांनी ताणला. तो मधोमध फाटला. सलग चौथी दुपार.

"अजून मळायला हवं होतं," शेजारच्या टेबलावरून नणंद म्हणाली.

"घड्याळ लावून मळलंय, आत्या," मुलगा म्हणाला. "वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं."

कपाटावरच्या स्पीकरमधून कुणीतरी कुणाच्या तरी विरहात गळा काढत होतं. त्या ठेक्यावर हात उगाच पळत आणि जाहिरात लागली की थबकत. असल्या पिठाचा पाव भट्टीतून वीट होऊन बाहेर येई. सकाळीच शाळेच्या खानावळीने पावाच्या दोन पाट्या परत पाठवल्या होत्या. उद्याही असंच आलं तर दुसरी बेकरी बघू, असा निरोपही सोबत होता.

पूर्वी इथे घड्याळाकडे कुणी ढुंकून बघत नसे. तिच्या नवऱ्याने मळता मळता एक गाणं रचलं होतं. गाणं कसलं, उंदराने मालकाकडे पगारवाढ मागितली त्याची सात कडवी. ना धड चाल, ना यमकाचा पत्ता. पण सातवं कडवं संपलं की पीठ तयार. चौथ्या कडव्यानंतर त्याला हमखास खोकला यायचा. "पीठ गेलं घशात," म्हणून तो पुढे गायचा, आणि तेवढ्यात बाकीचे आपापला गोळा उलटून घ्यायचे. वर्षानुवर्षं तसंच चाललं. पीठ घशात नव्हे, छातीत साचत गेलं होतं हे कळलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

तो गेल्यावर मुलाने स्पीकर आणला. ती कडाडून नाही म्हणेल असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट तिनेच आवाज वाढवायला लावला. चौथ्या कडव्यानंतरची ती रिकामी जागा तिला ऐकायची नव्हती. त्या जागेची तिला भीती वाटत होती. भट्टीचं दार जरा कुरकुरलं तरी तिची मान कोपऱ्यातल्या त्याच्या टेबलाकडे वळे.

आता तिने फाटलेला तुकडा बाजूला टाकला.

"बंद कर ते."

"आई, तूच तर म्हणालीस—"

"बंद कर म्हटलं ना."

मुलाने बटण दाबलं. दोघींनी नवे गोळे घेतले, आणि तिने उंदराला मालकाच्या दारात उभं केलं. आवाज आधी चिरका निघाला. दुसऱ्या कडव्यात नणंदेने साथ धरली. तिसऱ्यातला एक शब्द काही केल्या दोघींना आठवेना, तो त्यांनी गुणगुणून भरून काढला. एवढ्यातच विसरायला लागलो, असं तिच्या मनात आलं.

चौथं संपलं. दोघी थांबल्या. गोळा उलटायला कुणाचाच हात उठेना.

कोपऱ्यातून खोकला आला.

वर बघायची तिची छाती होईना.

"पीठ गेलं घशात," मुलगा म्हणाला.

बापाच्या टेबलाशी तो कधी जाऊन उभा राहिला, कुणाला कळलंच नव्हतं. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. तो मुद्दाम खोकला की खरोखर, हे त्याच्या चेहऱ्यावरून समजेना, आणि विचारायचा तिला धीर होईना.

ती त्याच्यापाशी गेली. खांद्यावरचं फडकं झटकून तिने ते त्याच्या नाकातोंडावर बांधलं आणि मागे गाठ मारली. मग त्या गाठीवर आणखी एक.

"पाचवं तू म्हण," ती म्हणाली, आणि परत येऊन तिने आपला गोळा उलटला.