कानात सांगायचं नाव

कल्पिताच्या तोंडाला लागायचं नाही, हे बाळकुमच्या त्या घरात तिच्या लग्नातच ठरून गेलं. नवरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळून ठमाआत्या म्हणालेली, "कोपरची पोर ना गो? तोंडाला झाकण दिसत नाय."

मान खाली घालायची सोडून नवरी म्हणाली, "झाकणं बाळकुमला चांगली मिळतात असं ऐकलं, म्हणून तर आले."

मांडव हसून लोळला. सगळ्यात मोठ्यानं हसली ती ठमाआत्याच. नवऱ्याची, विकीची, ही आत्या म्हणजे गावची धवलारीण. धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायला सगळ्या घरांतून तिलाच बोलावणं. त्या दिवसापासून दोघींचं जे जमलं ते जमलंच. आत्यानं टोला द्यायचा, कल्पितानं परतवायचा. सहा वर्षं हेच.

आता दिराचं, हर्षितचं लग्न निघालं. हळदीच्या आदल्या दुपारी आत्या स्वयंपाकघरात आली, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "कल्पे, मना हल्ली नावा इसरायला होतात. कोनाला बोलू नको. बाजूला बस. अडकली त कानात सांग."

धवल्यात आधी देवांना बोलवायचं आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. नाव राहिलं तर ते माणूस लग्नाला येत नाही, असं मानतात. कल्पितानं घरातली सगळी बारा नावं पाठ केली. "काळजीच करू नकोस," म्हणाली. आत्याचा जीव भांड्यात पडला.

हळदीला माइक कल्पिताच्या हातात. कार्यक्रम तीच चालवत होती, लोक वाहवा करत होते, बाई अगदी रंगात आलेली. आत्यानं धवला सुरू केला. सात नावं झाली. आठवं सहदेव. मिठागरात जन्म घालवलेले सहदेव, म्हणजे आत्याचा सख्खा बाप. आत्या तिथेच थांबली. तिनं कल्पिताकडे बघितलं आणि कान जरासा पुढे केला.

नुसतं वाकायचं होतं. पण मेलं ते तोंड!

"थांबा हां मंडळी, आत्याचं बफरिंग चाललंय!"

सगळा मांडव खिदळला. डीजेवाल्यानं वरून भोंगा वाजवला. तोंडाला पदर लावून आत्याही हसली. मग "पाणी पिऊन येते" म्हणून उठली, ती परत आलीच नाही. सहदेव बोलावण्यावाचूनच राहिले, आणि त्यांच्यापुढचे चौघेही.

"एवढं काय त्यात? आमचं रोजच चालतं," भांडी आवरताना कल्पिता नवऱ्याला म्हणाली.

"रोज आत्या पहिली बोलते आणि तू उत्तर देतेस," विकी म्हणाला. "आज काय बोललेली ती?"

काहीच नाही. आत्यानं फक्त कान पुढे केलेला.

सकाळी नवऱ्यामुलाच्या आंघोळीला तोच धवला पुन्हा म्हणायचा होता. आत्या खोलीतून निघेना. मोबाइलवर कुठला तरी लावा, म्हणे. कल्पिता आत गेली. माफी मागायची सोडून तिनं सवयीनं टोला टाकून बघितला, "रुसलीस काय गं? या वयात शोभत नाय हां."

आता येईल उत्तर, आता येईल, म्हणून ती वाट बघत राहिली.

"बरोबर हाय तुजा," आत्या म्हणाली.

सहा वर्षांत आत्यानं तिचं कधी बरोबर म्हटलं नव्हतं. कल्पितानं तिचे पाय धरले. "चुकलं गं माझं आत्या. तू विश्वासानं सांगितलेलंस आणि मीच चव्हाट्यावर मांडलं."

आत्यानं तिला उठवून बसवलं. मग म्हणाली, "तुला येतात नावा. तूच बोल."

"बाजूला बसशील?"

आत्या बसली. कल्पितानं बिनमाइकचा धवला म्हटला. सात नावं नीट गेली. आठव्याला ती थांबली. नाव पाठ होतं, पण ते घ्यायला तोंड उघडेना. बायका माना वर करून बघायला लागल्या.

आत्या वाकली. ओठ कोणाला दिसू नयेत म्हणून तिनं पदर आडवा धरला आणि कल्पिताच्या कानात म्हणाली, "सहदेव. माजा बापूस."

कल्पितानं नाव घेतलं. धवला पुढे गेला. मांडवात कोणाला काही कळलंही नाही. इतकं सोपं होतं ते.