हिरव्या उजेडातलं पीठ

मशीन आली ती ताराचंदजींच्या श्वासासाठी. त्यांचा सारा जन्म कुहीकडच्या धानाच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, गेला. मळणीचा भुसा वर्षानुवर्षं छातीत साचत गेला आणि म्हातारपणी डॉक्टरांनी सांगितलं की यांच्या खोलीत धूळ नको. झाडू तर नकोच. झाडू धूळ काढत नाही, उठवतो. तेव्हा त्यांचा एकुलता मुलगा पियुष सीताबर्डीच्या बाजारातून ही धूळ ओढून घेणारी, बिनवायरीची मशीन घेऊन आला. हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्याला तिची किंमत झेपणारी नव्हती. बायको शामलानं खोका उघडून पाहिला, त्याच्याकडे पाहिलं. तो एवढंच म्हणाला की बाबासाठी आहे, आणि तो विषय तिथंच मिटला.

मशीन गुणाची होती, त्यात वाद नाही. वायर नसल्यानं खाटेखाली, कपाटामागे, कुठंही शिरायची. तिच्या तोंडाशी एक हिरवा दिवा होता. त्याचा उजेड फरशीवर आडवा पडला की जी फरशी आपण स्वच्छ समजत होतो तिच्यावर धुळीचा कण न् कण उभा राहायचा, जसं खळ्यावर तिन्हीसांजेला उडणारं कोंडकूस. आणि एकदा पोटात घेतलेलं ती पुन्हा हवेत सोडत नसे.

पण दुकानदारानं सांगितले ते फक्त गुण. अवगुण घरी आल्यावर कळत गेले. पूर्ण जोरावर लावली की थोड्या वेळात तिचा दम सरायचा आणि खोलीच्या मधोमध ती गप्प व्हायची. मग अर्धा दिवस भिंतीला लटकून चार्ज होत राहायची. शामलाचे लांब केस ब्रशात गुरफटले की कात्रीनं कापून काढावे लागत. धुळीचा डबा एवढासा. आणि पिठासारखं बारीक काही आत गेलं, तर जाळी चोंदून ती घरघरायला लागे.

खाटेवरून ताराचंदजी हे सगळं बघत. एकदा ती अशीच मधे थांबली तेव्हा बायकोला, प्रयागबाईला, म्हणाले, "माही बहीणच आहे वं हे. जोर केला का धाप लागते."

पियुषची पहिली पाळी असली की तो अंधारात उठायचा. बाबांची झोप मोडू नये म्हणून खोलीतला दिवा लावायचा नाही. मशीन हळू आवाजावर ठेवून, तिच्याच हिरव्या उजेडात खाटेभोवतीची जमीन साफ करायचा आणि मग कंपनीच्या बसला जायचा. बापलेकांत बोलणं असं फार नव्हतंच. जे होतं ते हेच.

उन्हाळा चढला तसा श्वास उतरत गेला. बोलता येत होतं तोवरची गोष्ट. प्रयागबाई पाय चेपत होत्या, आणि ताराचंदजी मधे मधे थांबत म्हणाले, "मी बगळा होईन. बांधीत एका पायावर उभा राहीन. दम लागाची कटकट नाही."

"एवढे काळे तुम्ही, अन् बगळा?" प्रयागबाई म्हणाल्या.

"पिठावर पाय ठेवून जाईन. पाहून घेजो."

त्यांच्या गावात तशी रीत होती. माणूस जिथं गेला त्या जागी रात्रभर पीठ पसरून ठेवायचं. सकाळी त्यावर जे पाऊल उमटलेलं दिसेल, त्या जन्माला तो जीव गेला असं समजायचं.

त्यानंतर ताराचंदजींची वाचा गेली. शेवटच्या सकाळी त्यांना खाटेवरून जमिनीवर घेतलं, तेव्हा त्यांनी हात उचलून प्रयागबाईंना काहीतरी खुणावलं. काय, ते त्यांना उमगलं नाही. पाणी पाजलं, पण ते पाण्यासाठी नव्हतं. उशी सरकवली, उशीसाठीही नव्हतं. हात खाली आला तो आलाच. म्हणून आता पीठ तेवढं उरलं होतं. नवऱ्याचा एक शब्द यायचा राहिला होता, आणि तो तिथंच उमटणार होता.

घाटावरून मंडळी परतली, आंघोळी झाल्या, कुहीची माणसं तिसऱ्या दिवशी येतो म्हणून निघून गेली. पियुष हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून बसला आणि बसल्या बसल्या झोपला. आत प्रयागबाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि ताराचंदजी गेले त्या जागी तांदळाचं पीठ चाळणीनं अलगद पसरलं. गावी यावर मोठी टोपली पालथी घालतात. फ्लॅटमध्ये टोपली कुठली? शेजारी दिवा ठेवला आणि दार ओढून घेतलं. पीठ पसरताना त्या हळू आवाजात म्हणत होत्या:

*दळन सरलं वं बाई, सुपामंदी उरलं पीठ*
*धनी माहा कोन्या वाटे, पाखरा, सांग नीट*

पहाटे पियुषचा मोबाईल पहिल्या पाळीचा गजर वाजवू लागला. त्यानं तो बंद केला. तोंडावर पाणी मारलं, भिंतीवरून मशीन काढली आणि बाबांच्या खोलीचं दार हलकेच लोटलं. रोजच्यासारखंच. मन अजून झोपेत होतं, पण हातांना रस्ता पाठ होता. पिठाशेजारचा दिवा केव्हाच विझला होता. त्यानं बटण दाबलं.

हिरव्या उजेडात फरशी एवढी भरलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. बाबाले त्रास होईल, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्यानं जोर वाढवला. मशीन मोठ्यानं ओढू लागली. मग घरघरली, अडखळली, तिच्या पाठीवर लाल खूण लुकलुकू लागली, आणि ती थांबली. त्या शांततेत त्याला ऐकू आलं की खाटेवरून श्वासाचा आवाज येत नाही.

त्यानं वळून पाहिलं. खाट रिकामी होती. दारात माय उभी होती.

तिनं खोलीतला दिवा लावला. मशीनचा पारदर्शक डबा गळ्यापर्यंत पांढरा झाला होता. जमिनीवर कोपऱ्यात पिठाची एक पट्टी तेवढी राहिली होती, वीतभर. तिच्यावर काही नव्हतं.

शामला मागून धावत आली आणि तोंडावर हात ठेवून दारातच थांबली. पियुष मशीन हातात घेऊन तसाच उभा. माय ओरडेल असं त्याला वाटलं. तिनं ओरडावं, असंही वाटलं. ती जवळ आली, डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू पाहलं अशील," ती म्हणाली. "मशीननं वढाच्या आंधी. हिरवा लाईट होता नं. काही होतं का गा?"

त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला पीठसुद्धा दिसलं नव्हतं, धूळ दिसली होती. त्याच्या घशाशी खरं आलं, आणि तिचे डोळे पाहून खाली गेलं.

"होतं माय. बगळ्याचं."

 प्रयागबाई खाली बसल्या आणि उरलेल्या पट्टीकडे हात करून म्हणाल्या, "काढून दाखव मले. कसं होतं?"

पियुषनं मशीन भिंतीला टेकवली आणि गुडघे टेकले.  बांध्यांत तो लहानपणी खेळला होता, पण चिखलातल्या पावलांकडे त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यानं पिठात एक रेघ ओढली, तिच्या दोन बाजूंना दोन. पुढं बोट जाईना. हात मांडीवर घेऊन तो मायकडं बघत राहिला.

प्रयागबाईंनी त्या तीन रेघा नीट निरखल्या. मग आपलं बोट पुढं केलं आणि त्या जिथं मिळत होत्या, तिथून मागच्या बाजूला चौथी एक लांब रेघ ओढली.

"बगळ्याले मांगं बी बोट राह्यते," त्या म्हणाल्या. "तू घाईत पाहलं अशील."

"हो माय."

त्यांनी पदर सावरला. शामला आत आली आणि सवयीनं पंख्याच्या बटणाकडे तिचा हात गेला. बाहेर उजाडत होतं आणि भिंती आत्तापासूनच तापल्या होत्या.

"नको वं," प्रयागबाई म्हणाल्या. "पंखा नको लावू."

दिवसभर त्या खोलीत कोणी पंखा लावला नाही. माणसं येत राहिली, घामानं निथळत बसत राहिली, आणि कोपऱ्यातलं ते वीतभर पीठ सगळ्यांनी दुरूनच पाहिलं. प्रयागबाई प्रत्येकाला सांगत होत्या की पोरानं आपल्या डोळ्यानं पाहिलं. पियुष भिंतीशी मान खाली घालून बसला होता. त्याच्या डोक्यावर मशीन टांगलेली होती, पोटात ते सगळं पीठ घेऊन.