सुतळीची वाट

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात पोकलेनच्या पोटातून पान्याचा किणकिणाट येई आणि कोमट तेलाच्या वासात मिसळून हिंजवडीतल्या बांधकामाच्या खोल खड्ड्यावर तरंगत राही. त्या नादालाच मी सुदामभाऊ म्हणे; कारण मशीनमध्ये शिरलेल्या त्या माणसाचे बाहेर फक्त दोन पाय उरत.

भंडाऱ्याकडून पुण्यात आलेला हा मशीनदुरुस्तीतला माझा भागीदार बाभळीच्या फांदीसारखा शिडशिडीत आणि चिवट. मशीनचा अजस्र हात जिथे धडाला जोडलेला असतो, त्या सांध्यात तेलाचे रबरी होज-पाइप शिरांसारखे गुंतलेले असतात. तिथे नजर पोहोचत नाही. भाऊ डोळे मिटून घेत आणि बोटांनी पाहत. जुना होज ओढण्याआधी ते त्याच्या शेपटाला सुतळी बांधत. होज बाहेर येई, त्याची सारी वळणे सुतळी आत धरून ठेवी. मग तिच्याच टोकाला नवा होज बांधून, परकरात नाडी ओवावी तसा, ते अलगद ओढून घेत.

मी बाहेर बॅटरी धरून उभा. माझे सुटलेले पोट आड येते, ही सबब दोघांनाही पाठ होती. खरे तर मला त्या अंधाराची भीती वाटे. त्या भीतीचे मोल त्यांच्या उजव्या खांद्याने चुकवले, हे ओझे मी कुठे उतरवू?

यंदा तो खांदा उचलेनासा झाला. भाऊंचे गावी परतायचे ठरले. आतले काम मला जमले नाही, तर आमच्या दुकानाला कुलूपच. निघण्याच्या आदल्या सकाळी बॅटरी त्यांनी डाव्या हातात घेतली.

"जा बाप्पा आत. मशीन खात नाही तुले."

"खाल्लंच, तर माझ्या घरी काय सांगाल?"

"सांगीन, मशीनले अपचन झालं."

हाताच्या टोकाचे बकेट जमिनीला टेकले होते, तेलाचा दाब सोडून दिलेला होता; तरी मी इंचाइंचानेच आत सरकलो. हळूहळू बोटांना नटाच्या कडा ओळखू येऊ लागल्या. नट फिरला, सुटला. त्या हर्षात मी होज खेचणार, तोच बाहेरून शांत स्वर आला, "सुतळी बांधली काय?"

बांधली नव्हती. खेचला असता, तर ती वाट अंधारात बुजून गेली असती. मी गाठ मारली. जुना गेला, नवा आला. इंजिन सुरू होताच मशीनने आळस द्यावा तसा हात आभाळाकडे उचलला. सांध्याखाली धरलेला पुठ्ठा कोरडाच राहिला; तेलाचा थेंबही गळला नाही.

"आज पोट आड नाही आलं काय?" भाऊ म्हणाले, आणि हसत राहिले. त्यांना सारे पहिल्यापासून ठाऊक होते.

आता त्या सांध्यात मीच शिरतो, निःशंक. बाहेर बॅटरी धरायला कुणी नसते. खेचण्यापूर्वी मात्र हात थबकतो, गाठ आवळतो. जाणाऱ्याला थांबवता येत नाही. त्याची वळणे तेवढी धरून ठेवावीत, मग काळाच्या अंधारात आपला हात त्याच वाटेने पुढे सरकत राहतो.