सुलटी खिडकी

चौतीस वर्षं विज्ञान शिकवून जयंती सबनीस निवृत्त झाली, तेव्हा शाळेने तिला शाल-श्रीफळ दिलं आणि तिने स्वतःला एक दुर्बीण घेतली. सहा इंची आरशाची, कमरेएवढ्या उंचीच्या स्टँडवर बसणारी. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीला अंगण नव्हतं, पण सात मजल्यांवर मोकळी गच्ची होती. सेक्रेटरी केतन शहांनी गच्चीची एक किल्ली तिच्या घरीच देऊन टाकली. दुर्बीण वर टाकीशेजारच्या खोलीत चादरीखाली राहायची, आणि शनिवारी संध्याकाळी अख्खी बिल्डिंग रांग लावून चंद्र, गुरू, शनी बघून जायची.

नवरा नंदकिशोर विमा कंपनीतून निवृत्त झालेला, सोसायटीच्या कमिटीवरचा, हळू बोलणारा माणूस; मुलगी गार्गी सांताक्रूझला राहायची. शनिवारी तो म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या मांडायचा. "वेड हिचं, मी आपला हमाल," असं हसत सांगायचा. जयंतीला त्याचं कौतुक वाटायचं.

नोव्हेंबर संपत आला होता. एका गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात पंचविशीची मुलगी, गळ्यात लॅबचं ओळखपत्र तसंच लटकत होतं.

"मी अपूर्वा परब. समोरच्या बिल्डिंगमध्ये सातव्यावर राहते, भाड्याने." एवढं बोलून ती थांबली. मग एका दमात म्हणाली, "काकू, तुमच्या गच्चीवरून कोणीतरी माझ्या घरात बघतं. दुर्बिणीतून. मंगळवारी आणि शुक्रवारी. मी साडेसातला घरी येते ना, तेव्हाच. मी खिडकीला पेपर चिकटवलेत. पण असं किती दिवस राहायचं?"

जयंतीला आधी राग आला. आपल्या दुर्बिणीवर कोणी असं बोट ठेवावं, हे तिला झेपलं नाही. तरी तिने मुलीला आत घेतलं, पाणी दिलं. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बारीक झाला आणि नंदकिशोर बाहेर आला.

"काय झालं, बाळ?" त्याने विचारलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "छे, छे. काहीतरी गैरसमज झालाय तुझा."

जयंतीने समजावून सांगितलं. मुख्य दुर्बिणीवर एक छोटी शोधक दुर्बीण असते. ती आधी लांबच्या एखाद्या दिव्यावर जुळवून घ्यावी लागते, त्यासाठी नळी आडवी करावी लागते. खालून बघणाऱ्याला ती आपल्याकडेच रोखल्यासारखी वाटू शकते. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसहा ते साडेआठ आपण अभ्यासिकेत मुलांना शिकवायला जातो, हे मात्र त्या क्षणी तिच्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि तिने ते पुढे येऊ दिलं नसेल. नंतर कितीतरी दिवस ती स्वतःला हेच विचारत राहिली.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "स्वतःच्या डोळ्यांनी बघ आम्ही काय बघतो ते."

अपूर्वा आली. त्या दिवशी शनी छान वर आला होता. यंदा त्याची कडी आपल्याकडे धारेने वळलेली, त्यामुळे नुसती एक बारीक रेघ दिसत होती. अपूर्वाने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मोत्यातून सुई आरपार गेल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली. "खरंच आहे हे?"

"खरंच आहे. आणि उलटं आहे. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, पण आकाशात वर-खाली काही नसतं, म्हणून आपलं काही अडत नाही."

जाताना अपूर्वाने जयंतीचे दोन्ही हात धरले. "सॉरी काकू. एकटी राहिलं की डोक्यात काहीही येतं. आई पण कुडाळहून तेच म्हणत होती." नंदकिशोरलाही ती सॉरी म्हणाली. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. रविवारी सकाळी कपडे वाळत घालताना जयंतीने पाहिलं, समोरच्या खिडकीवरचे पेपर निघाले होते. तिला फार बरं वाटलं.

बुधवारी दिवेलागणीला ती सहज वर गेली. शनिवारच्या गर्दीत आरसा हलला असेल, तो तपासावा म्हणून. चादर काढली आणि तिचा हात थांबला. डोळा लावायच्या जागी एक लांबट काळी नळी बसवलेली होती.

ती नळी तिने कधीच वापरली नव्हती. दुर्बिणीबरोबर फुकट आलेली, चित्र सुलटं करून दाखवणारी. जमिनीवरचं काही बघायचं असेल तरच तिचा उपयोग. ग्रह बघणाऱ्याला ती नकोच असते, उलट तिच्यामुळे चित्र अंधूक होतं. जयंतीने ती प्लास्टिकच्या पिशवीसकट डब्यात तळाला टाकून दिली होती. आता ती पिशवी फाडलेली, जमिनीवर पडली होती.

तिने दुर्बीण बाहेर काढली. स्टँड शनिवारसाठी गच्चीवर आखून ठेवलेल्या खुणांवर ठेवला. दुर्बीण ज्या दिशेला आणि कोनात घट्ट केलेली होती ती तशीच ठेवून डोळा लावला.

समोर एक ओटा होता. त्यावर कुकर, तांब्या, मिसळणाचा डबा. दारामागच्या खुंटीवर निळा कुडता. सगळं हाताच्या अंतरावर, सगळं सुलटं.

जयंती तिथेच खाली बसली. काल मंगळवार होता. घरातली किल्ली दोघांच्याच हाताला यायची. म्हणजे त्या मुलीने माफी मागितल्यावर, तिने पेपर काढल्यावर, तो पुन्हा वर आला होता. या वेळी कोणाची चाहूल लागली असेल, नळी काढायची राहून गेली.

खाली नंदकिशोर भाजी निवडत होता. तिने ती काळी नळी त्याच्यासमोर ताटात ठेवली.

त्याने ती नळी ताटाबाहेर सरकवली. मग म्हणाला, "बस. आरडाओरडा करू नकोस."

"मी काही बोललेच नाही अजून."

"एक-दोनदा पाहिलं असेल. वाईट काही मनात नव्हतं, शपथ. ती स्वयंपाक करते, फोनवर बोलते, हसते. घरात माणूस वावरताना बरं वाटतं बघायला. तू नसतेस, गार्गी तिकडे सांताक्रूझला..."

"ती कपडे बदलते तेव्हा नळी फिरवत होतात का तुम्ही दुसरीकडे?"

त्याने भाजीचं एक पान उचललं आणि परत ठेवलं.

"आता तिची समजूत पटलीय," तो शेवटी म्हणाला. "प्रकरण मिटलंय, जयंती. मी पुन्हा वर जाणार नाही. पण हे बाहेर गेलं तर या वयात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तुलासुद्धा."

"समजूत मी पटवली तिची. माझ्या तोंडाने."

रात्रभर ते दोघं एकमेकांकडे पाठ करून पडून होते. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. शनिवारी रांगेत उभे राहणारे लोक, तिला वाकून नमस्कार करणारे जुने विद्यार्थी, सगळे तिच्या डोळ्यांपुढून गेले. गप्प राहिलं तर कोणालाच काही कळणार नव्हतं. फक्त ती मुलगी रोज संध्याकाळी दिवा लावून निर्धास्तपणे घरात वावरणार होती, आणि ते निर्धास्तपण जयंतीने दिलेलं होतं.

गुरुवारी पावणेआठला ती समोरच्या बिल्डिंगमध्ये गेली. अपूर्वाने हसून दार उघडलं, "या ना काकू, चहा टाकते." जयंती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. कोण, आपल्याला कसं कळलं, आणि परवाच्या मंगळवारीसुद्धा.

अपूर्वाने आधी जाऊन खिडकी लावली. मग तिथेच पाठमोरी उभी राहिली.

"मला वाटायला लागलं होतं मलाच वेड लागलंय," ती म्हणाली. "मी त्यांची माफी मागितली, काकू. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला."

"हो."

"आणि तुम्ही मला त्याच दुर्बिणीतून..." जयंती तिच्याकडे एक पाऊल गेली तशी ती म्हणाली, "नको. जवळ नका येऊ."

मग तिने विचारलं, "मी पोलिसात गेले तर हे सगळं तिथे सांगाल?"

"सांगेन," जयंती म्हणाली.

शुक्रवारी ती अभ्यासिकेत गेली नाही. पोलीस ठाण्याच्या बाकावर ती आणि अपूर्वा मधे एक जागा सोडून बसल्या. तिथल्या हवालदारीण बाईंनी दोनदा विचारलं, "बाई, तुमच्या मिस्टरांबद्दलच सांगताय ना?" जयंतीने दोन्ही वेळा हो म्हटलं आणि जबाबाखाली सही केली. तक्रार नोंदली गेली. नंदकिशोरला बोलावणं आलं. तो शर्टाची वरची गुंडी लावून एकटाच गेला आणि नऊ वाजता परत आला. गार्गीकडे जायला बॅग भरताना तो एवढंच म्हणाला, "बत्तीस वर्षांत हीच ओळख का आपली?"

"मलाही तेच विचारायचंय," जयंती म्हणाली.

सोसायटीत बातमी पसरायला एक दिवस पुरला. केतन शहा गच्चीची किल्ली मागायला आले तेव्हा त्यांची नजर वर होत नव्हती. लिफ्टमध्ये बायका गप्प व्हायच्या. एकीने तर तोंडावर म्हटलं, घरातलं घरात मिटवता आलं असतं. अपूर्वाने महिन्याअखेरीस घर सोडलं. कुठे गेली ते तिने सांगितलं नाही, आणि जयंतीने विचारलं नाही.

गार्गीचा फोन मात्र त्याआधीच, पहिल्याच रविवारी दुपारी आला. आवाज रडून बसलेला.

"आई, बाबा म्हणतायत तू त्यांना पोलिसांच्या ताब्यात दिलंस. एका अनोळखी पोरीसाठी. ते जेवत नाहीयेत. असं काय झालं होतं गं?"

जयंतीने फोन दुसऱ्या हातात घेतला. वाटलं, म्हणावं, बाबांनाच विचार. पण त्यांनी काय सांगितलं असेल ते तिला कळत होतं.

"सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते. तू आधी बाबा बसलेत त्या खोलीतून बाहेर ये, आणि मधे बोलू नकोस."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला. मग जयंतीने पहिल्या गुरुवारपासून सांगायला सुरुवात केली.