मॉरीनने पाडलेला चरा

मित्रांनो, मी एक जुनी, चरा पडलेली रेकॉर्ड आहे. आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी जळकी आहे. फडताळात माझ्या शेजारी कोण उभं आहे, यावर माझा दिवस कसा जाणार ते ठरतं. वयाने समजूत येते असं म्हणतात. मला तरी अजून आलेली नाही.

माझा जन्म १९७२ सालचा, इंग्लंडमधला. काळ्या प्लॅस्टिकचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवला, वरून दाब दिला, कडा कापल्या, झाले मी तयार. माझ्या अंगावर 'हेरन' नावाच्या बँडची गाणी आहेत. तुम्ही हे नाव ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमची चूक नाही. डडली गावची चार पोरं होती ती. त्यांच्यातला ड्रम वाजवणारा दिवसा साखळ्यांच्या कारखान्यात घण मारायचा. त्या काळी इंग्लंडात गल्लोगल्ली बँड निघत होते. काहींचं नशीब फळफळलं, बाकीचे कामावर परत गेले. आमचे परत गेले.

ज्यांचं फळफळलं, त्यांच्या रेकॉर्डी आमच्या घरी वरच्या कप्प्यात राहतात. पिंक फ्लॉइड काय, डीप पर्पल काय, सगळ्या तिथे ऐटीत उभ्या. मी खालच्या कप्प्यात. पाहुणा आला की त्याची मान वर जाते, खाली वाकून कोणी बघत नाही. माझा अगदी तिळपापड होतो.

माझा मालक कॉलिन ब्रॅडवेल. एकोणीस वर्षांचा असताना त्याने मला डडलीच्या बाजारातून घेतलं आणि पाऊस लागू नये म्हणून कोटाच्या आत धरून बसने घरी आणलं. तेवढा एक प्रवास मी कोणाबरोबर वाटून घेतलेला नाही. पुढे त्याला रेकॉर्डी जमवण्याचं वेड लागलं. कोणी ऐकणारा भेटला की तो सुरू व्हायचा. "हे मोठे बँड मोठे झाले आणि विमानातून हिंडायला लागले. मग त्यांच्या गाण्यातला कारखाना गेला. हेरनचा ड्रम ऐक. तो ड्रम नाही, घण आहे." हे ऐकून मी सुखावायची. आणि एवढं बोलून झाल्यावर त्याचा हात वरच्या कप्प्याकडे जायचा.

कॉलिनचं लग्न झालं मॉरीनशी. ती बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला खूश करायचं म्हणून मला लावलं, आणि नाचता नाचता तिचं कोपर सुईला लागलं. चर्र झालं. पहिल्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यावर माझ्या अंगाला चरा पडला तो कायमचा.

कॉलिन पांढराफटक पडला. म्हणाला, "आजपासून माझ्या रेकॉर्डीला हात लावायचा नाहीस."

"बरं," मॉरीन म्हणाली. "मग तूही माझ्या किटलीला हात लावायचा नाहीस."

दोघंही हट्टी. तिने पुन्हा रेकॉर्डीला हात लावला नाही, त्याने पुन्हा स्वतःचा चहा केला नाही. ती बाजाराला गेली की बिचारा चहावाचून बसून राहायचा. मला मात्र तिचा भारी राग यायचा. माझं रूप तिने घालवलं, आणि वर नवराही तिचाच.

पण मित्रांनो, याच चऱ्याने मला मान मिळवून दिला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी कॉलिनचा कारखान्यातला दोस्त लेन आणि त्याची बायको आमच्याकडे यायची. आदल्या दिवशीची गार टर्की, मांस भरलेली पेस्ट्री, व्हिनेगरमधले कांदे असं सगळं टेबलावर मांडलेलं असायचं. जेवणं झाली की मला लावायचे. तिसऱ्या गाण्यात गायक म्हणतो, 'पुलाखाली थांब माझ्यासाठी'. तिथे चऱ्यात सुई अडकायची. 'थांब माझ्यासाठी, थांब माझ्यासाठी' असं चालूच. मग सगळे ओरडून तेच म्हणायचे, आणि एकदम खिडकीजवळच्या फळ्यांवर पाय आपटायचे. लाकडी जमीन हादरायची, सुई उडी मारून पुढे जायची. वरच्या कप्प्यातल्या कोणासाठी त्या घरात कधी पाय आपटला गेला नाही. वर्षातला तो एक दिवस माझा असायचा.

आणि मग ती आली. माझी सवत.

एका रविवारी कॉलिन रेकॉर्डींच्या बाजारातून परतला तो गालात हसतच. त्याच्या हातात मीच होते. म्हणजे माझंच कव्हर, माझीच गाणी, पण पहिल्या घाण्यातली, आणि एकदाही न वाजवलेली. मी दुसऱ्या घाण्यातली. या जमवणाऱ्या लोकांना त्याचं फार असतं. भिंग लावून मधल्या भोकाजवळचे कोरलेले आकडे वाचतात आणि त्यावरून कूळ ठरवतात. कॉलिनने सुती मोजे हातात चढवून तिला बाहेर काढलं, उजेडात तिरकं धरलं, परत आत घातलं आणि वरच्या कप्प्यात ठेवलं.

"वाजवणार नाहीस?" मॉरीनने विचारलं.

"वेडी आहेस का? वाजवली तर खराब होईल."

"म्हणजे न ऐकण्यासाठी आणली," मॉरीन म्हणाली आणि आत निघून गेली.

वर्षानुवर्षं सवत वर उभी राहिली. अंगावर धुळीचा कण नाही, तोंडातून शब्द नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला कोणाचा धक्का लागलेला नव्हता, तिच्यावरून कोणाचं भांडण झालेलं नव्हतं, आणि तरी मान तिलाच. मी आतल्या आत धुमसत होते.

कॉलिनचे गुडघे गेले, जिने चढवेनात, तेव्हा घर सोडून छोट्या, बिनजिन्याच्या बंगल्यात जायचं ठरलं. त्यांची लेक जिल आवराआवर करायला आली.

"बाबा, ज्या रेकॉर्डी दोन-दोन आहेत, त्यातली एकच ठेवायची. बाकीच्या दानाच्या दुकानात देऊन टाकू."

कॉलिनने मला हातात घेतलं, चऱ्यावरून बोट फिरवलं. "बंगल्यात खाली काँक्रीट आहे," तो म्हणाला. "तिथे पाय आपटून काय होणार? ही अडकून बसेल." आणि त्याने मला पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकलं. खोकं दरवाजाशी, चपलाबुटांच्या कपाटाजवळ. माझ्या शेजारी कोणाच्या तरी नाताळगीतांची रेकॉर्ड होती. माझी किंमत ती काय झाली होती बघा.

जुन्या घरातला तो शेवटचा नाताळ. लेन आणि त्याची बायको आली, जेवणं झाली, आणि कॉलिन म्हणाला, "आज नवी लावू. एकदा तरी ऐकू या कशी वाटते."

"मग पाय कुठे आपटायचा?" लेनने विचारलं.

"आपटायचाच नाही. तिला चरा नाही."

मॉरीन उठली. ती बाहेर कपाटापाशी आली, घरातल्या मऊ सपाता काढल्या आणि बागेत घालायचे जाड बूट पायात चढवले.

"बूट कशाला गं?" आतून कॉलिनने विचारलं.

"पाय गारठलेत," मॉरीन म्हणाली. जाता जाता तिने खोक्यात माझ्याकडे एकदा बघितलं.

सवत गायला लागली. आवाज स्वच्छ होता, मान्य करावंच लागेल. दोन गाणी झाली, तिसरं आलं. 'पुलाखाली थांब माझ्यासाठी.' ती न अडता पुढे निघाली, पण माणसं अडली. इतक्या वर्षांची सवय. चौघांच्या तोंडून 'थांब माझ्यासाठी' निघालं आणि चौघांचे पाय एकदम फळ्यांवर आले, त्यात मॉरीनचे बूटही. सुई उडाली आणि सवतीच्या अंगावरून फरपटत गेली. चर्र.

मला आनंद झाला, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? दया आली, पण बरीच नंतर.

"माफ कर गड्या," लेन पुटपुटला. "पाय आपोआप गेला."

कॉलिन आपल्या पायाकडे बघत होता. "मीही आपटला," तो म्हणाला. मग मॉरीनच्या बुटांकडे बघितलं, आणि तिच्या तोंडाकडे. तिने नजर चुकवली नाही. तो उठला, दरवाजाशी आला आणि गुडघे कुरकुरत असताना वाकून मला खोक्यातून काढलं.

आता आम्ही बंगल्यात असतो. सवतही आली. दोघी एकाच कप्प्यात, दोघींना चरा. तिचं कव्हर अजून चकचकीत आहे, ते मला बघवत नाही.

इथल्या पहिल्या नाताळात मला लावलं. 'थांब माझ्यासाठी' आलं, सुई अडकली, सगळ्यांनी पाय आपटले. काँक्रीट हललं नाही. पुन्हा आपटले. मी आपली तेच तेच म्हणत राहिले, आणि मला वाटलं, संपलं, आता परत खोकं.

कॉलिन उठायला गेला, आणि परत खुर्चीत बसला. म्हणाला, "मॉरीन, तू सरकव."

"मी?"

"तूच. चरा तुझा आहे."

मॉरीनने हात एप्रनला पुसले, दोनदा पुसले. मग बोटाच्या टोकाने तिने सुई उचलली आणि इतकी हलकेच पुढे ठेवली की मला कळलंही नाही. गाणं पुढे निघालं. कॉलिन खुर्चीच्या हातांना धरून उठला, स्वयंपाकघरात गेला आणि त्याने किटलीत पाणी भरलं. चहा फार कडू झाला होता म्हणे. मॉरीनने सगळा संपवला.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी वस्तू खरचटलेली असेल, तर टाकून देण्याआधी एवढंच आठवा, ती कोणाच्या हातून खरचटली होती. ते माणूस घरात असेल, तर वस्तू त्याच्या हातात द्या. आणि तिच्यासारखीच नवी आणलीत, तर कृपा करा, तिला दुसऱ्या कप्प्यात ठेवा.